दीड हात उजेड

एका गावात दोन घरं एकमेकांकडे पाठ करून उभी होती, भांडून बसलेल्या म्हशींसारखी. भांडण मात्र तेव्हा नव्हतं. ते पुढं झालं, आणि ते कसं झालं त्याचीच ही गोष्ट.

एका घरात दोघे सुतार भाऊ राहायचे. दुसऱ्या घरात एक म्हातारा विणकर आणि त्याची बायको. मधे सुतारांचं परस होतं. परसाच्या टोकाला विणकराची मागची भिंत, आणि त्या भिंतीच्या बुडाशी हद्दीचा काळा दगड. दगडाच्या अलीकडची सगळी जमीन सुतारांची.

विणकराच्या त्या भिंतीत एक खिडकी होती. खिडकीखाली जमिनीत खड्डा, आणि खड्ड्यावर माग. विणकर काठावर बसून खड्ड्यात पाय सोडायचा. पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा इकडून तिकडं फेकायचा, असं दिवसभर चालायचं. खोलीत दुसरी खिडकी नव्हती. जो काही उजेड यायचा तो सुतारांच्या परसातून यायचा.

सुतार भावांचे आईबाप धाकटा पाळण्यात असतानाच गेले होते. थोरल्यानंच त्याला वाढवलं, खाऊ घातलं, दुखलंखुपलं पाहिलं. शाळेतही घातलं, पण धाकट्यानं तिसरीत एका पोराच्या डोक्यात पाटी घातली आणि तो परत काही शाळेत गेला नाही. मग थोरल्यानं त्याच्या हातात करवत दिली. थोरला मोजायचा, धाकटा कापायचा. किती हात आणि कशाला, हे धाकटा विचारायचा नाही. खूण दिसली की करवत चालवायची, एवढंच त्याला माहीत.

थोरल्याची काम करायची एक तऱ्हा होती. गावातले बाकीचे लोक आधी भिंती बांधायचे आणि मग त्यांच्या मापानं तुळया कापायचे. थोरला खुंट्या ठोकून झाल्या की आधी तुळया कापायचा, आणि भिंत नंतर.

लोक हसायचे. "तुझं सगळं उलटं."

"भिंत मातीची आहे," थोरला म्हणायचा. "पुढंमागं करता येते. कापलेलं लाकूड काही वाढत नाही."

दसरा झाला आणि थोरल्यानं परसात एक नवी खोली काढायचं ठरवलं.

"तुझं लग्न करायचंय," तो धाकट्याला म्हणाला. "बायको आणलीस तर ठेवशील कुठं? रंध्याच्या आणि करवतीच्या मधे?"

"मला कुठं घाई आहे?"

"तुला सगळ्याची घाई असते. हीच एक नाही, म्हणून मला करावी लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला परसात खुंट्या ठोकत होता. धाकटा गळ खांद्यावर टाकून नदीवर निघाला होता.

"अरे, इकडं ये जरा," थोरल्यानं हाक मारली. "तुला एक सांगायचंय."

"नंतर," धाकटा म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी तो चार मासे घेऊन आला, तेव्हा थोरल्यानं पुढच्या अंगणात सागाच्या तीन लांब तुळयांवर कावेनं तांबड्या रेघा मारून ठेवल्या होत्या. धाकट्यानं करवत उचलली.

"सकाळी सांगणार होतो ते ऐक," थोरला म्हणाला.

"उद्या सांग की. आधी हे कापून टाकतो."

थोरला हसला. लाकूड धरून बसला. तिन्ही तुळया कापून झाल्या, त्या दोघांनी उचलून पडवीत ठेवल्या आणि वर गोणपाट टाकलं.

त्याच रात्रीपासून थोरल्याचं अंग तापलं. वैद्यानं काढे दिले, कपाळावर लेप घातले. ताप उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी थोरला गेला.

विणकरानं मागावरचं अर्धं विणलेलं पांढरं कापड तसंच कापलं आणि आणून थोरल्यावर घातलं. धाकट्याला त्यातलं काही दिसलं नाही. तो दाराला टेकून बसला होता. थोरल्याचा रंधा त्यानं मांडीवर घेतला होता आणि कुणालाही काढू देत नव्हता.

बारा दिवस त्याच्या घरात चूल पेटली नाही. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी तो सरपण आणायला म्हणून परसात गेला. दादा गेल्यापासून परसात जायची त्याची ती पहिलीच वेळ.

परसात चार खुंट्या होत्या. दोन घराजवळ, दोन पलीकडं विणकराच्या बाजूला. पलीकडच्या खुंट्या हद्दीच्या दगडाला लागून असायला हव्या होत्या. त्या नव्हत्या. धाकट्यानं कोपरापासून बोटापर्यंत हात लावून पाहिला. दगडापासून खुंटीपर्यंत दीड हात.

मग त्यानं दोरीकडं पाहिलं. दादाची दोरी कावेनं माखलेली, लाल. ती घरात खुंटाळ्यावर टांगलेली होती, दोन आठवडे कुणी हात लावला नव्हता. इथं खुंट्यांना बांधलेलं सूत पांढरं होतं. खळ लावलेलं, कडक, मागावरचं सूत.

धाकटा सरळ खिडकीशी गेला.

"काका, ह्या खुंट्या कुणी सरकवल्या?"

आतली खटखट थांबली. विणकरानं मान वर केली. "कुणी सरकवल्या नाहीत, बाळा. तुझ्या दादानंच तिथं ठोकल्यात."

"दादाला हद्दीचा दगड दिसत नव्हता?"

"दिसत होता की. पण तो म्हणाला, दीड हात सोडतो. माझ्या मागाला..."

"आणि हे सूत कुणाचं?"

"आमचंच," आतून विणकराची बायको म्हणाली. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. "मीच दिलं खिडकीतून."

"म्हणजे कबूल आहे तर."

"काय कबूल? नीट ऐकून तरी घेशील?"

"दादानं जन्मात कधी दुसऱ्याच्या दोरीनं काम केलं नाही. मी बारा दिवस दाराशी बसून होतो आणि तुम्ही मागच्या मागं खुंट्या उपटून दीड हात आत ठोकल्यात."

काकू खिडकीशी आली. "त्या बारा दिवसांत तुला भाकरी कुणाच्या घरून येत होती, ते तरी आठव."

"तिची किंमत दीड हात होती होय? मला ठाऊक नव्हतं. नाहीतर उपाशी राहिलो असतो."

काकूचा चेहरा उतरला. विणकरानं मान खाली घातली, पण धोटा काही उचलला नाही.

खरं सांगायचं तर धाकट्याला दीड हात जमिनीचं काही नव्हतं. त्याला वेगळंच टोचत होतं. दादानं खरंच जागा सोडली असती, तर ते त्यानं आपल्या भावाला सांगितलं नसतं का? शेजाऱ्याला सांगितलं आणि भावाला नाही, असं कसं होईल? तसं झालंच नव्हतं, शेजारी खोटं बोलत होते, एवढंच त्याच्या मनाला पटत होतं. आणि ही खोली तर दादाचं शेवटचं काम. ते तो कुणाला कातरू देणार नव्हता.

त्यानं गावच्या म्हाताऱ्या कोतवालाला बोलावून आणलं. हद्दीचा दगड रोवला तेव्हा खड्डा त्यानंच खणला होता. कोतवाल काठी टेकत आला, दगडाभोवती फिरला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दगड जागचा हललेला नाही. इथवर जमीन सुताराची."

"त्यात आमचा वाद नाही," विणकर म्हणाला. "जमीन त्याचीच आहे."

"मग झालं तर," धाकटा म्हणाला.

"जमिनीचं झालं," कोतवाल म्हणाला. "खुंट्यांचं मला ठाऊक नाही. त्या ठोकताना मी नव्हतो, आणि तूही नव्हतास."

धाकट्यानं ऐकलं नाही. त्यानं चारही खुंट्या उपटल्या. बाभळीच्या होत्या, टोकं नीट तासलेली. त्या घरी नेल्या आणि पाणी तापवायच्या चुलीत घातल्या. सूत सोडवून विणकराच्या खिडकीत टाकून दिलं.

मग त्यानं गवंडी ठरवला. गवंडी म्हणाला, "शेजारच्या भिंतीला अगदी चिकटून नको घेऊस. दोन्ही छपरांच्या पागोळ्यांना जायला वाट पाहिजे. थोडी जागा सोड."

"माझ्या जागेत मी बांधतोय. दगडाला टेकवून घे."

पाया खणला गेला. कच्च्या विटांचा ढीग परसात मधोमध पडला. भिंत रोज दोन वीत वर यायला लागली.

पहिले दोन-तीन दिवस माग नेहमीसारखा चालला. मग भिंत खिडकीच्या खालच्या कडेला आली. मागाची खटखट सावकाश झाली. मग मधेच थांबायला लागली, कारण अंधारात सूत तुटायचं आणि तुटलेलं टोक विणकराला सापडायचं नाही. भिंत खिडकीच्या वर गेली त्या दिवशी दुपारी भिंतीच्या फटीतून धाकट्याला आत पिवळं काहीतरी हलताना दिसलं. काकूनं दिवा लावला होता.

गल्लीतून जाणारी एक बाई थांबली. "काय हो काकू, भर दुपारी दिवा?"

"आमच्याकडं हल्ली दिवस लवकर मावळतो," काकू म्हणाली.

"मग असं किती दिवस चालणार?"

"नाही चालायचं. दिव्यात सूत ओढलं की कापडाला गाठी पडतात. गाठीचं कापड कोण घेतं? पुढच्या बाजारानंतर माग सोडवणार आहोत. लेकीच्या गावी जाऊ."

धाकटा भिंतीच्या अलीकडं विटा उचलत होता. त्याला सगळं ऐकू आलं. आता आपल्याला बरं वाटायला पाहिजे, असं त्याला वाटलं. पण बरं वाटलं नाही. त्यानं दोन विटा जास्त उचलल्या आणि जोरात आपटल्या. एक फुटली.

तुळया चढवायचा दिवस आला. त्या गावाची अशी रीत होती की तुळई चढवताना गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक तरी माणूस यायचा. हात लावायचा, गुळाचा खडा खायचा आणि घरी जायचा. धाकट्यानं सगळ्या घरी सांगितलं. विणकराच्या घरी सांगितलं नाही. तरी सकाळी विणकर धोतर खोचून परसात हजर होता.

धाकटा त्याच्याकडं पाहून म्हणाला, "तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"तू नाही बोलावलंस," विणकर म्हणाला. "पण खोली तुझ्या दादानं काढलीय. त्याच्यासाठी आलोय."

लोकांसमोर काय बोलणार? धाकटा पाठ फिरवून पडवीकडं गेला.

पडवीतलं गोणपाट काढलं. तुळया कापल्या त्या दिवसापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. धाकट्यानं तर तिकडं बघायचंही टाळलं होतं. तुळयांच्या टोकांना अजून कावेचा तांबडा रंग होता. दादाच्या हाताचा रंग, आणि कडेला अंगठ्याचा एक ठसा. धाकट्यानं पटकन मान फिरवली. मापबीप घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही. दादानं मोजलंय म्हणजे मोजलंय.

पहिली तुळई उचलली. एका टोकाला चौघं, दुसऱ्या टोकाला चौघं, बांबूच्या परांचीवर. घराच्या बाजूचं टोक भिंतीवर बसलं. नवीन भिंतीकडच्या टोकाला शेवटचा माणूस विणकर होता.

"पुढं घ्या," गवंडी म्हणाला.

"पुढं कुठं? संपली."

"संपली म्हणजे?"

तुळईचं टोक हवेत होतं. भिंतीला टेकायला हातभर कमी, आणि भिंतीवर बसायला आणखी अर्धा.

कुणीतरी म्हणालं, "लाकूड आटलं वाटतं."

"बोटभर आटलं असतं. असं कुठं आटतं?"

"दुसरी घ्या," धाकटा म्हणाला.

पहिलीचं टोक परांचीवर टेकवलं आणि दुसरी चढवली. तिचं टोक पहिलीच्या टोकाशी बरोबर जुळलं, तितकंच कमी. धाकट्यानं तिसरीही चढवायला लावली. तीही तेवढीच. तिन्ही टोकं एका रेषेत हवेत थांबली होती, आणि त्या रेषेपासून नवीन भिंतीवरच्या जागेपर्यंत होता दीड हात.

दादानं मोजण्यात चूक केली, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्यानं बांधलेल्या घरांतच ते सगळे राहत होते.

धाकटा परांचीवर चढला. त्यानं टोकावर हात ठेवला. तांबडी रेघ तिथं अर्धी होती, अर्धी कापताना भुशात गेली होती. ही रेघ दादानं मारली होती आणि ती धाकट्यानं स्वतःच्या हातानं कापली होती. दादा त्या वेळी समोर बसून लाकूड धरून होता. ह्या तुळया पडवीत होत्या, घरात, गोणपाटाखाली. त्या कुणी सरकवल्या नव्हत्या. कापलेलं लाकूड कुणाला सरकवता येत नाही.

म्हणजे खुंट्या दादानंच तिथं ठोकल्या होत्या.

'सकाळी सांगणार होतो ते ऐक.' दादाचा आवाज त्याला जसाच्या तसा आठवला. आणि आपण काय म्हणालो तेही.

"बाळा," विणकर खालच्या आवाजात म्हणाला, "तू विचार कर सावकाश. पण आधी ही खाली घे. माझा खांदा भरून आलाय."

लोक हसले. तुळया खाली घेतल्या. गवंड्यानं धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला.

"होतं असं. घाबरू नकोस. टोकाला जोड देऊ. दीड दीड हाताचे तीन तुकडे, वर लोखंडी पट्ट्या. संध्याकाळच्या आत तुळया भिंतीवर बसतात. वरनं छप्पर आलं की कुणाला कळणारही नाही."

"जोड द्या की," लोक म्हणाले. "बांधलेली भिंत काय पाडायची?"

धाकटा विटांच्या ढिगावर बसला. भिंत नवीन होती, सरळ होती, त्याच्या मालकीच्या जमिनीवर होती. कोतवालानं सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. जोड दिला तर कुणी नाव ठेवणार नव्हतं. आणि पुढच्या बाजारानंतर त्या खिडकीमागं कुणी राहणारही नव्हतं.

मग त्यानं विचारलं, "काका, त्या दिवशी दादा काय म्हणाला होता? आता शेवटपर्यंत सांगा. मी मधे बोलत नाही."

विणकर त्याच्याशेजारी ढिगावर बसला.

"मी मागावर होतो. तुझा दादा खिडकीबाहेर खुंटी घेऊन उभा. म्हणाला, 'काका, माझी भिंत इथं आली तर तुमच्या मागाचं काय होईल?' मी म्हटलं, 'होईल ते होईल, जागा तुझी आहे.' तर म्हणाला, 'तसं नको. मी मागं मागं सरतो. तुम्हाला धोट्यातलं सूत दिसायला लागलं की सांगा.' दोन पोती एका काठीला बांधून त्यानं ती भिंतीसारखी उभी धरली आणि मागं सरायला लागला. मी एक हातावरच म्हटलं, पुरे. तर म्हणाला, 'खरं सांगा, लाजू नका.' आणखी अर्धा हात सरला. मग खरंच दिसायला लागलं. मी म्हटलं, बास. त्यानं तिथं खुंटी ठोकली. दोरी आणायला घरात निघाला होता, तर ही म्हणाली, 'आमच्याकडं सुताला तोटा आहे का?' आणि खिडकीतनं लडी दिली."

धाकट्यानं मान खाली घातली होती.

"आणखी काही म्हणाला?"

विणकरानं खिडकीकडं पाहिलं. मग म्हणाला, "म्हणाला, 'धाकट्याला सांगतो. तो आधी भांडेल. मग त्याचं त्यालाच वाटेल आणि भिंतीला तुमच्या बाजूनं चुनाही लावून देईल. पांढऱ्या भिंतीवरनं उजेड जास्त येतो.'"

धाकटा उठला. टिकाव उचलला आणि नव्या भिंतीवर घालणार, एवढ्यात भिंतीच्या फटीतून काकूचा आवाज आला.

"हळू. विटा फोडू नकोस. त्याच परत लागतील."

मग त्यानं टिकाव ठेवला. परांचीवर चढला आणि वरची वीट हातानं सोडवली. माती अजून ओली होती, वीट अख्खी निघाली. ती त्यानं खाली दिली. खाली विणकर उभा होता, त्यानं ती घेतली. गल्लीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग कोतवालानं काठी कडेला ठेवली आणि हात पुढं केले. बाकीचेही रांगेत उभे राहिले. ज्या विटा इतके दिवस एकट्या धाकट्यानं वाहिल्या होत्या, त्या दुपारपर्यंत खाली आल्या.

भिंत खिडकीच्या खाली गेली तेव्हा काकूनं आतला दिवा विझवला. फुंकर मारल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. धाकटा तिच्याकडं बघायला धजला नाही.

"काकू," तो विटेकडं बघत म्हणाला, "मी भाकरीबद्दल जे बोललो..."

"ऐकलं होतं मी ते," काकू खिडकीतून हात पुढं करत म्हणाली. "परत बोलायची गरज नाही. वीट दे."

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं दादाची पटाशी आणि वाकस काढलं आणि बाभळीच्या चार खुंट्या तासल्या. दादाच्या हातच्या चार त्यानं स्वतः चुलीत घातल्या होत्या. त्या आता परत मिळणार नव्हत्या, कितीही रडलं तरी. तासताना त्याच्या हे सारखं ध्यानात येत होतं. खुंट्या वाकड्यातिकड्या झाल्या, पण टोकदार झाल्या.

त्यानं खिडकीशी जाऊन विचारलं, "काकू, थोडं सूत मिळेल?"

काकूनं एक लडी बाहेर दिली. तीच, जी त्यानं खिडकीत टाकून दिली होती. तिनं ती नीट गुंडाळून ठेवली होती.

विणकर मागावर बसला. धाकट्यानं दोन पोती एका काठीला बांधली, समोर उभी धरली आणि हद्दीच्या दगडापासून मागं सरायला लागला.

"दिसतं?"

"नाही अजून."

"आता?"

"थोडं."

"खरं सांगा, काका. लाजू नका."

विणकरानं हातातल्या धोट्याकडं पाहिलं. "आणखी थोडा," तो म्हणाला. "आणखी. बास."

धाकट्यानं पायाजवळ पाहिलं. तिथं विटांचा चुरा साचला होता. त्यानं तो हातानं बाजूला केला. खाली मुरमात एक भोक होतं, खुंटीच्या जाडीचं. धाकट्यानं नवी खुंटी त्यात ठेवली. ठोकायची फारशी गरज पडली नाही.

पुन्हा भिंत उभी राहिली, या वेळी दीड हात आत. पुन्हा गल्ली जमली. धाकट्यानं विणकराच्या घरी सगळ्यात आधी सांगितलं होतं. तिन्ही तुळया वर गेल्या, आणि बसल्या. पाचर मारायचीही गरज पडली नाही. गवंड्यानं टोकावर हात फिरवला आणि मान हलवली. धाकट्यानं सगळ्यांना गूळ वाटला. एक खडा त्यानं दादाच्या रंध्यावर ठेवला.

बाजार येऊन गेला. विणकरानं माग सोडवला नाही.

छप्पर झाल्यावर धाकटा त्या दीड हाताच्या बोळात उतरला. बोळ एवढा अरुंद की त्याला आडवं होऊन चालावं लागत होतं. हातात चुन्याची बादली आणि कुंचा. त्यानं खालपासून वरपर्यंत भिंत पांढरी करायला घेतली. जसजसा चुना वाळत गेला तसतसा खिडकीतून आत जाणारा उजेड वाढत गेला, आणि आतल्या मागाची खटखट पहिल्यासारखी एका लयीत आली.

"अरे, ऐक जरा," काकूनं खिडकीतून हाक मारली.

धाकट्याचा कुंचा भिंतीवर अर्ध्यात होता. चुना गळत होता. त्याच्या तोंडात 'नंतर' आलंच होतं.

त्यानं कुंचा बादलीत ठेवला. हात धोतराला पुसले. खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"सांगा, काकू."

"काही नाही," काकू म्हणाली. "भाकरी पिठल्याबरोबर खाणार की ठेच्याबरोबर, एवढंच विचारत होते."

मुलांनो, आणि मोठ्यांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपली जमीन कुठवर आहे ते हद्दीचा दगड सांगेल, पण तिच्यात शेजाऱ्यासाठी किती जागा सोडायची ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि कुणी काही सांगू पाहत असेल तर त्याला 'नंतर' म्हणू नये, आधी शेवटपर्यंत ऐकून घ्यावं.